अ‍ॅग्रेशन आणि हॉस्टिलिटी: नववीच्या पोरांना कळेल असा शब्द कोणता?

आठवी-नववीच्या मुलांसाठी एका प्रश्नावलीचं मराठी करतेय आणि दोन शब्दांपाशी गाडी अडलीय. प्रश्नावली अ‍ॅग्रेशन, म्हणजे दुसऱ्याला दुखवायची वृत्ती, मोजायची; बस आणि पेरी या मानसशास्त्रज्ञांची, १९९२ ची, एकूण २९ विधानं, प्रत्येकापुढे १ ते ५ पैकी आकडा लिहायचा. भाग चार: मारामारी, तोंडाने भांडणं, राग आणि हॉस्टिलिटी, म्हणजे सगळे माझ्या वाईटावर आहेत असं मनात चालू असणं.

अ‍ॅग्रेशनला सगळे आक्रमकता लिहितात म्हणून मीही लिहिलं, आणि सुरुवातीला 'मी आक्रमक आहे' असं एक विधान माझ्या पदरचं टाकलं. नववीतल्या एका मुलाने खुशीत ५ लिहिले आणि विचारलं, "मॅडम, बॅटिंगमध्ये ना?" त्याचं काही चुकलं नाही हो, कॉमेंट्रीत रोज आक्रमक म्हणजे कौतुकच ऐकतो तो! पण मग तो ५ मी कशाचा धरायचा? आणि हॉस्टिलिटीला शत्रुत्व लिहिलं तर पोरं म्हणतात, आमचं कुठंय कुणाशी शत्रुत्व.

—

ताई, मुळाकडे गेलं तर आक्रमकता चपखल आहे. लॅटिनमधे त्या शब्दाचं मूळ कुणाच्या तरी दिशेने पाऊल टाकणं, आणि आपलं आ + क्रम् तेच. पण मूळ जुळलं म्हणून वापर जुळत नाही. बोलीत याला एकच शब्द नाहीये, बारीक बारीक आहेत. तापट माणूस भडकतो आणि निवतो, आक्रस्ताळा आरडाओरडा करतो पण हात उचलेलच असं नाही, मारकुटा हात उचलतो (बैल मात्र मारका). तुमचे पहिले तीन भाग यातच आले बघा. हॉस्टिलिटीला माझं मत डूख.

—

डूख नको, दादा. डूख धरला म्हणजे बदला घेणार हे ठरलेलंच, नागासारखं. इथे नुसता सल आणि संशय आहे. अढी म्हणा, 'मनात अढी बसते'. मुलांच्या तोंडी खुन्नस असतं पण खुन्नस देतात ती नजरेने, ते वेगळं पडेल.

आणि एक, मुलींच्यात मारामारी कमी दिसते पण अबोला, टोमणे, ग्रुपमधून काढणं, सरळ वाळीत टाकणं चालतं, ते या २९ मधे मोजलंच जात नाही. बस आणि वॉरन यांनी २००० साली ३४ विधानांची नवी आवृत्ती काढली त्यात हा आडून त्रास द्यायचा भाग घातलाय. जमलं तर तीच घ्या.

—

अढी एकदम पटलं, घेते. आक्रमक हा शब्दच काढून टाकते, 'ढकलतो', 'शिव्या देतो' असं सरळ कृतीवरच विचारते.

आता शेवटचं अडलेलं. त्यात एक उलटं विधान आहे, साधारण असं की माणसाला मारायला योग्य कारण कधीच असू शकत नाही, याचे मार्क उलटे धरतात, म्हणजे ५ लिहिले तर १. दुहेरी नकाराने मुलं गोंधळतात असं मला वाटलं होतं. पण मागच्या बाकावरचा एक पेन्सिल तशीच धरून बसला, मग हळूच म्हणाला, "अभ्यास नाही केला तरी पण?" घरी मार खाणाऱ्या मुलांच्यात मारामारी जास्त आढळते हे कितीतरी अभ्यासांत आलंय, पण तो 'मारणं' म्हणजे भांडणातलं नाही, घरातलं समजत होता. शाळेतली मारामारी आणि घरचा मार वेगळे कळतील असं हे वाक्य कसं लिहू, सुचवा ना कुणीतरी.