पीएस-टू, पीएस-थ्री (सोनीचे प्लेस्टेशन 2 आणि 3) चालेल असा हँडहेल्ड (हातात धरून खेळायचा) गेमिंग पीसी कुठला घ्यावा? बजेट 35 हजार

गोदाकाठचा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी, पीएस-टूच्या ओरिजिनल डिस्क घरात पडून आहेत, जुन्या मशीनची लेन्स गेलीय. मुख्य वापर पीएस-टू, पीएसपी (सोनीचं हातातलं मशीन) आणि गेमक्यूब (निन्टेंडोचं जुनं मशीन). पीएस-थ्रीचे दोनचार गेम चालले तर बोनस. बजेट 35, फार ताणलं तर 37. ईएमआय नको. सेकंड हँड चालेल. पंचवटीने नाशिक-मुंबई येऊन जाऊन असतो त्यामुळे बॅटरी टिकायला हवी. रॉम (गेमच्या कॉपी फाइल) कुठून मिळतील हे विचारत नाहीये, कृपया तो वाद नको.

पिंपरीचा_पाहुणा
रॉग अ‍ॅलाय झेड-वन एक्स्ट्रीम (असूसचा विंडोजवाला हँडहेल्ड) घे डोळे झाकून. मी 2023 ला इथे आला तेव्हाच उचललेला, 69,990 ला. मक्खन चालतो. घ्यायचं तर एकदाच चांगलं घ्यावं.

गोदाकाठचा
बजेट 35 लिहिलंय हो दादा.

पिंपरीचा_पाहुणा
मग थोडं थांब आणि साठव.

रिकामटेकडा
मुस्तफा चालतो का यावर? बाकी काय खेळायचं असतं माणसाने.

सर्किटमावशी
मुस्तफा म्हणजे कॅपकॉमचा 1993 चा आर्केड गेम, तो पाच हजाराच्या फोनवरही चालतो, त्यासाठी धागा नको.
आता मूळ प्रश्न. लोक ग्राफिक्स ग्राफिक्स करत बसतात पण इम्युलेशनचं, म्हणजे सॉफ्टवेअरने जुन्या मशीनची नक्कल करण्याचं, खरं ओझं प्रोसेसरवर पडतं. पीएस-टूची चिप वेगळ्याच भाषेत बोलते, तिची प्रत्येक सूचना आपल्या प्रोसेसरला चालू गेममध्ये उलथी करून घ्यावी लागते, आणि हे काम दहा कोअरमध्ये वाटून देता येत नाही, म्हणून एकेका कोअरचा वेग महत्त्वाचा. ग्राफिक्स चिप लागते ती रिझोल्यूशन दुप्पट तिप्पट करून चित्र धारदार करायला. पीएस-थ्रीची गोष्ट उलटी आहे. त्याच्या सेल प्रोसेसरमध्ये एक मुख्य कोअर आणि गेमला वापरता येणारे सहा छोटे सहायक, त्यामुळे तिथे कोअरही भरपूर लागतात. स्टीम डेकमध्ये (व्हॉल्व्ह कंपनीचा हँडहेल्ड) चारच कोअर आहेत, झेन टू पिढीचे. पीएस-टू आणि गेमक्यूब आरामात, पीएस-थ्रीचे हलके गेम होतील, जड गेम रडवतील. झेड-वन एक्स्ट्रीमला आठ कोअर, झेन फोर, शिवाय एव्हीएक्स-512 (प्रोसेसरच्या खास जलद सूचना) आहे ज्याचा आरपीसीएस-थ्रीला, म्हणजे पीएस-थ्रीच्या इम्युलेटरला, चांगला फायदा होतो.
आणि सेकंड हँड अ‍ॅलाय बघताना नाव पूर्ण वाच. नुसता झेड-वन पण आहे, सहा कोअरचा, ग्राफिक्सही एक्स्ट्रीमच्या एक तृतीयांश. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, विकणारा मुद्दाम "अ‍ॅलाय" एवढंच लिहितो.

जर्सीकर_जोशी
स्टीम डेक ओलेड. विषय संपला. माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. 50 वॅट-अवरची बॅटरी, 90 हर्ट्झ, काळा रंग म्हणजे काळाच दिसतो. इथून कोणी येत असेल तर मागवून घे.

गोदाकाठचा
काका, तो भारतात अधिकृत मिळत नाही ना? बिघडला तर कोण बघणार?

जर्सीकर_जोशी
माझा तर कधी बिघडला नाही.

जळगावची_केळी
वॉरंटीचं सोडा, आमच्याकडे मे महिन्यात 44-45 डिग्री असतं त्याचं बोला. माझा हँडहेल्ड (कंपनी सांगत नाही, वाद नको) दुपारी पंख्याखाली पण असा तापतो की अंगठे भाजतात, फॅनचा आवाज मिक्सरसारखा, आणि आमची लाईट गेली की चार्जिंगही गेलं. सर्व्हिस सेंटरवाला म्हणे एसीत वापरा. एसी घेतला असता तर हे घेतलं असतं का.

डोंबिवली_फास्ट_लोकल
+1 तापण्याबद्दल. टीडीपी (प्रोसेसर किती वॅट खाणार ती मर्यादा) कमी करा ना पण. पीएस-टूला 10-12 वॅट पुरतात बऱ्याच गेमना, 25 वर ठेवून कशाला जाळायचं.

सर्किटमावशी
हे बरोबर. अ‍ॅलायची बॅटरी 40 वॅट-अवरची, 25 वर चालवलीस तर कसारा घाट उतरायच्या आत बंद पडेल.

कोल्हापुरी_रस्सा
सगळे पीसी पीसी करताय, अँड्रॉइडवाला घ्या की. माझ्याकडे रेट्रॉइड पॉकेट 5 आहे, स्नॅपड्रॅगन 865, साडेपाच इंची ओलेड, खिशात बसतोय, दोनशे डॉलरच्या आसपास पडला, कस्टमवाल्यांनी चावा घेतला तो वेगळा. तरी बजेटच्या निम्म्यात. पीएसपी, गेमक्यूब मस्त, पीएस-टू पण बरेच चालतात.

डोंबिवली_फास्ट_लोकल
बरेच म्हणजे किती? अँड्रॉइडवर पीएस-टूचा जो चांगला इम्युलेटर होता, ईथरएसएक्सटू, त्याच्या डेव्हलपरने 2023 च्या सुरुवातीलाच काम थांबवलं, लोकांच्या शिव्या खाऊन कंटाळला बिचारा. आता त्याच्यावर ठिगळं लावून चालतंय. पीसीवरचा पीएस-टू इम्युलेटर पीसीएसएक्सटू अजून सुधारतोय. आणि पीएस-थ्री तर विसराच त्या रेट्रॉइडवर.

कोल्हापुरी_रस्सा
ठिगळं असतील पण माझ्याकडं चालतंय. तुमच्याकडं आहे का? नाही ना? मग.

निनावी_भुंगा
निन्टेंडो स्विचचे गेम चालतील का हो यावर?

पिंपरीचा_पाहुणा
स्विचचा इम्युलेटर युझू 2024 च्या मार्चमध्ये बंद पडला भावा, निन्टेंडोला 24 लाख डॉलर द्यायचं कबूल करून. ऑक्टोबरात र्‍युजिन्क्सही गेला. जाऊदे, धागा उडेल.

रिकामटेकडा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. अवांतर: क्रिकेट 07 साठी तर जुना डेस्कटॉप पुरतो, त्यासाठी 35 हजार का घालवायचे?

गोदाकाठचा
क्रिकेट 07 कोण म्हणालं??

जळगावची_केळी
मेमरी कार्ड नीट घ्या एवढंच सांगते. सेलमध्ये 512 जीबीचं स्वस्तात घेतलेलं, 60 जीबीच्या पुढे भरलेले सगळे गेम करप्ट. कार्ड आल्याआल्या एकदा पूर्ण भरून तपासा, मगच विश्वास ठेवा.

सर्किटमावशी
डिस्क स्वतःच्या असतील तर पीएस-टूच्या डिस्क कॉम्प्युटरच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये कॉपी होतात. आयएसओ (डिस्कची पूर्ण कॉपी फाइल) झाली की सीएचडी (तीच दाबून लहान केलेली) करून टाक, जागा बरीच वाचते. बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) मात्र तुझ्याच पीएस-टूतून काढावा लागेल, लेन्स गेली तरी यूएसबी आणि मेमरी कार्डने जमतं. पीएस-थ्रीचं फर्मवेअर (सिस्टिम सॉफ्टवेअर) सोनीच्याच साइटवर मिळतं, पण त्याच्या डिस्क वाचायला ठरावीक ब्लू-रे ड्राइव्हच चालतात, दिसला ड्राइव्ह की घेतला असं करू नकोस. माझं मत विचारशील तर 35 मध्ये आत्ता पीसीवाला काहीच घेऊ नको. पीएस-थ्री यादीतून काढ आणि रेट्रॉइड घे, नाहीतर 50 पर्यंत जाऊन वापरलेला एक्स्ट्रीम. मधलं काही घेऊन फसशील.

पिंपरीचा_पाहुणा
मी पहिल्यापासून हेच म्हणतोय, एक्स्ट्रीम.

कोल्हापुरी_रस्सा
आणि मी रेट्रॉइड. मावशींशी सहमत.

जर्सीकर_जोशी
ओलेड.

गोदाकाठचा
मंडळी, घेतला. स्टीम डेक एलसीडी, 64 जीबीवाला, वापरलेला, ठाण्यात एकाकडून 29 हजारात, स्टेशनवर भेटून. डाव्या स्टिकला थोडा ड्रिफ्ट आहे (हात न लावता आपोआप सरकते), त्याचे दोन हजार कमी करून घेतले. वॉरंटी नाही, माहितीये. विंडोज नको होतं, बटण दाबलं की झोपलं आणि परत दाबलं की गेम तिथूनच सुरू हे ट्रेनमध्ये मला पीएस-थ्रीपेक्षा कामाचं. पीसीएसएक्सटू दुप्पट रिझोल्यूशनवर लावला, दोन गेम बघितले, एक अडखळत नाही, दुसरा पाऊस पडतो त्या सीनला जरा दमतो.

पिंपरीचा_पाहुणा
चार कोअर. लक्षात ठेव मी सांगितलेलं.

सर्किटमावशी
घेतलास तर घेतलास. 64 वाल्यातलं स्टोरेज बदलता येतं, एम-डॉट-टू 2230 मापाची एसएसडी लागते, लॅपटॉपची लांब 2280 बसत नाही. मागचे आठ स्क्रू आहेत, चार आखूड चार लांब, वेगवेगळ्या वाटीत ठेव. आणि कव्हर उचकटायच्या आधी मायक्रोएसडी कार्ड बाहेर काढ, आत राहिलं तर मधोमध तुटतं.

निनावी_भुंगा
ठाण्यातल्या त्या माणसाकडे अजून एक आहे का?