अमेरिकेतले वर्ष-दीड वर्ष आधीचे पोल कितपत धरायचे?

जर्सीकर: इथे अध्यक्षपदाच्या निवडणुकीला अजून वर्ष-दीड वर्ष असतं तेव्हापासूनच हा ४ टक्के पुढे, तो मागे असं सुरू होतं आणि टीव्हीवर तासतासभर तेच. यातून नोव्हेंबरच्या मतदानाचं खरंच काही कळतं का? जुने आकडे कुणी बघितलेत का?

आकडेमोड: बघितलेत, आणि माझ्या मते सप्टेंबर उजाडेपर्यंत या आकड्यांवर विसंबूच नये. १९८८ च्या जुलैत डेमोक्रॅट अधिवेशन झाल्यावर गॅलप संस्थेच्या पोलमध्ये त्यांचे उमेदवार डुकाकिस १७ टक्क्यांनी पुढे होते, नोव्हेंबरात रिपब्लिकन थोरल्या बुशनी ४० राज्यं जिंकली. आणि हेच बुश १९९१ मध्ये आखाती युद्धानंतर ८९ टक्के पसंतीवर होते, पुढच्याच वर्षी क्लिंटनसमोर ३७ टक्के मतं. लोकांनी तेव्हा ठरवलेलंच नसतं हो, फोन आला म्हणून काहीतरी सांगतात.

सदा_वाचक: प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, तर अजूनच गंमत, तिथे पक्षही एकच त्यामुळे जे नाव ऐकलंय तेच लोक सांगतात. ९/११ मुळे न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर जुलियानी घराघरात माहीत, २००७ चं जवळपास अख्खं वर्ष रिपब्लिकन पोलमध्ये पहिले, आणि जानेवारी २००८ ला फ्लोरिडात तिसरे येऊन बाहेर. तिकडे डेमोक्रॅटांत हिलरी पुढे होत्या, पण सगळ्यात आधी मतदान होणारं आयोवा राज्य ओबामांनी घेतलं.

विदर्भवीर: सगळंच मोडीत काढू नका राव. जुलै २०१५ पासून ट्रम्प जवळजवळ सलग पुढे होते, मोठमोठे विश्लेषक आज उतरेल उद्या उतरेल म्हणत बसले आणि उमेदवारी त्यांनाच मिळाली. बायडनही २०१९ भर पुढेच होते, मग आयोवात चौथे आले तरी शेवटी तेच. नाव सगळ्यांना माहीत असून महिनोनमहिने आघाडी टिकत असेल तर तिला वजन द्यायलाच हवं.

जर्सीकर: पटतंय. मग नोव्हेंबरसाठी बघायचं काय?

आकडेमोड: लेबर डेनंतरचे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) राज्यांचे पोल, कारण अध्यक्ष देशभरच्या मतांवर नाही, राज्यवार निकालांवर ठरतो. २०१६ ला देशभरात हिलरींना २ टक्के जास्त मतं पडली तरी हरल्या, मिशिगन ११ हजारांहूनही कमी मतांनी गेलं. अर्थात त्या वर्षी तिथले पोलही चुकले, कारण कॉलेज न केलेल्या गोऱ्या मतदारांचं प्रमाण बऱ्याच जणांनी नीट धरलंच नव्हतं. त्यामुळे सर्व्हे कुणी केला, कसा केला तेही बघत जा.