शब्दचर्चा: पॉप्युलेशन ‘रजिस्टर’ला मराठीत काय म्हणावं?

अनुस्वार: डेन्मार्क-स्वीडनमधल्या वैद्यकीय संशोधनावरचा एक लेख मराठीत आणतोय. त्यात पानोपानी ‘पॉप्युलेशन रजिस्टर’ येतं. आधी ‘लोकसंख्या नोंदणी’ लिहिलं, पण ‘नोंदणीत असं आढळलं’ हे कानाला खटकतं. नोंदणी ही तर क्रिया झाली. सरळ ‘जनगणना’ चालेल का?

खाडाखोड: जनगणना अजिबात नको. तिथे ठरलेल्या वेळी माणसं मोजली की पुढच्या खेपेपर्यंत काम संपलं. डेन्मार्कचं मध्यवर्ती रजिस्टर १९६८ साली सुरू झालं, तेव्हापासून जन्म, मृत्यू, लग्न, पत्ताबदल, देश सोडणं असं सगळं त्यात घडेल तसं चढत आलंय. ‘नोंदवही’ म्हणा. कागद गेला तरी वही राहू द्या.

तिरकी_रेघ: मी तर खतावणी म्हणेन! जमाखर्चाच्या वह्यांत बघा: कीर्दीत व्यवहार तारखेनुसार येतात, खतावणीत ज्याचे त्याच्या खात्यावर. रुग्णालयातलं रोजचं रजिस्टर ही कीर्द. इथे मात्र माणसागणिक एक खातं आणि त्याला जन्मभराचा एक क्रमांक. स्वीडनने असा व्यक्तिक्रमांक १९४७ सालीच दिला.

खाडाखोड: कल्पना झकास, पण ‘लोकखतावणी’ वाचून निम्मे वाचक हिशेब तपासायला बसतील. आणि ही पिढी कीर्द म्हणजे काय तेच विचारेल.

मधली_सुट्टी: शब्द कोणताही घ्या, पण लोकसंख्येची नोंदवही आणि आजाराची नोंदवही यांत गल्लत नको. डेन्मार्कच्या कर्करोग नोंदवहीत १९४३पासूनच्या नोंदी आहेत. कोणाला आजार झाला ते ती सांगते, म्हणजे अपूर्णांकातला अंश. छेद येतो लोकसंख्येच्या नोंदवहीतून: त्या काळात देशात कोण राहत होतं, कोण वारलं, कोण परदेशी गेलं. छेद नसेल तर ‘प्रमाण वाढलं’ म्हणायला आधारच नाही.

गोवर, गालगुंड आणि रुबेलावरची एमएमआर लस आणि स्वमग्नता (ऑटिझम) यांवरचा २०१९चा डॅनिश अभ्यास घ्या. १९९९ ते २०१० या काळात जन्मलेली ६,५७,४६१ मुलं, त्यांतल्या ६,५१७ जणांना स्वमग्नतेचं निदान. लस घेतलेल्या मुलांमध्ये धोका वाढलेला दिसला नाही. हे करताना एकाही घराची बेल वाजवावी लागली नाही. मुलांची यादी, लसीची नोंद, निदान हे सगळं निरनिराळ्या नोंदवह्यांत आधीच होतं, व्यक्तिक्रमांकावरून जुळवलं. सहभागाची विनंती करून माणसं गोळा केली असती, तर लसीला घाबरणारे पालक बहुधा आलेच नसते.

अनुस्वार: हे छेदाचं लेखात घालतोच. मग ‘फॉलो-अप’ला ‘पाठपुरावा’ ठीक?

तिरकी_रेघ: पाठपुरावा म्हटलं की अर्जाची प्रत घेऊन खेटे घालणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. इथे कोणी कोणाच्या मागे लागत नाही. ‘मागोवा’ घ्या. ‘मुलांचा ऑगस्ट २०१३पर्यंत मागोवा घेतला’ हे सहज वाटतं.

अनुस्वार: आणि संशोधकांना मिळणारी माहिती ‘निनावी’ असते, असं लिहिलंय.

मधली_सुट्टी: निनावी म्हणजे मूळ माणसापर्यंत पोचण्याची वाटच नसलेली. इथे ती वाट असते, फक्त संशोधकाच्या हाती नसते. डॅनिश क्रमांकाचे पहिले सहा आकडे म्हणजे जन्मतारीख, आणि शेवटचा आकडा पुरुषाचा विषम, स्त्रीचा सम. तो उघडा ठेवला तर नाव झाकून काय उपयोग? म्हणून तिथली सांख्यिकी संस्था त्याजागी दुसराच क्रमांक घालते. संशोधक संस्थेच्याच यंत्रणेवर दुरून काम करतात; बाहेर फक्त एकत्रित निकाल नेता येतात. ‘टोपणक्रमांकी माहिती’ म्हणा. जरा ओबडधोबड आहे, पण खोटं नाही. अशा अभ्यासासाठी तिथे प्रत्येकाची वेगळी संमती घेत नाहीत, त्यामुळे ‘निनावी’ लिहून वाचकाला उगाच निश्चिंत करू नये असं मला वाटतं.

अनुस्वार: पटलं. आता वाक्य असं केलंय: ‘लोकसंख्या नोंदवही आणि आरोग्य नोंदवह्या एकत्र करून मुलांचा मागोवा घेतला.’

खाडाखोड: ‘एकत्र करून’ काढा. त्याने सगळ्या वह्यांची कायमची एकच वही झाली असं वाटतं. त्या वेगळ्याच राहतात. मंजूर झालेल्या अभ्यासापुरत्या हव्या तेवढ्या नोंदी जुळवतात. ‘नोंदवह्यांतल्या नोंदी जुळवून’.