वर्गातल्या पोरांनी पाडलेली नावं, कितपत मनावर घ्यायची?

कुळागरवाली, फोंडा
मुलगा पाचवीत आहे, अंगानं किडकिडीत आणि यंदा एकदम उंच झालाय तर वर्गात त्याचं नाव पडलंय बोंबील. मला कळलं कसं, तर परवा दुपारी फोन आला नि पलीकडनं कोणतरी म्हणतो, काकी, बोंबील आहे घरात? मी म्हटलं नाही रे बाबा, आज बांगडे आणलेत. ट्यूब नंतर पेटली. लेक मागंच उभा होता, तोही खो खो हसला, पण रात्री हळूच विचारतो दुधात काय घालून प्यायलं की जाड होतं. टीचरला सांगू का? ह्यांचं म्हणणं, आमच्यावेळी पण हेच होतं, सोड.

घुमटकार, डिचोली
ताई, मी घुमट, म्हणजे आरतीला थापा मारून वाजवतात ते मातीचं वाद्य. तिसरीपासून. पोट पुढं, मग येताजाता कोणीही दोन थापा मारायच्या, चवथीच्या आरत्यांना तर खऱ्या घुमटापेक्षा माझ्यावर जास्त पडायच्या. २०१९ला सरकारनं घुमटाला हेरिटेज वाद्य केलं ना, तेव्हा शाळेच्या ग्रुपवर पहिला मेसेज, अभिनंदन घुमटा, आता तू सरकारी!! आता हसू येतं. नावाचा राग कधी नव्हताच, थापांचा होता, पण ते तेव्हा घरी नाही सांगितलं कोणाला.

शापोरा, पेडणे
नावानावात फरक असतो हो. आमच्या वर्गात एक गोरी, घाऱ्या डोळ्यांची होती तिला पाखली म्हणायचे, ती मिरवायची. आणि मी तवा. दोन्ही रंगावरनंच ना? दहावीच्या पिकनिकला सगळ्याजणी समुद्रात आणि मी भर उन्हात पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून माडाखाली चपला सांभाळत. बोंबील उद्या भरेल अंगानं, रंग कुठं जातो. रंगावरनं असतं तर म्हटलं असतं आत्ताच्या आत्ता जा शाळेत.

रंकाळा
पाखली म्हणजे?

शापोरा, पेडणे
पाखलो म्हणजे पोर्तुगीज, गोरा साहेब. त्याचं बाईमाणूस.

खडूफळा
मी प्राथमिकला शिकवते. सांगा टीचरला, पण वर्गासमोर विषय काढू नका असं बजावून सांगा. मी एकदा शहाणपणा करून भर वर्गात म्हटलं की ह्याला कोणी ढापण्या म्हणायचं नाही, झालं, मधल्या सुट्टीपर्यंत बाजूच्या तुकडीला पण कळलं. त्यापेक्षा जागा बदलणं वगैरे गुपचूप होतं. आणि त्या फोनवाल्याला तुमचा लेक काय म्हणतो, ते विचारलंत का?

कुळागरवाली, फोंडा
विचारलं. इडली म्हणतो. गाल फुगीर आहेत म्हणून 🙈 वर म्हणतो, त्याला आवडतं. मी म्हटलं तुला कोणी सांगितलं आवडतं म्हणून, तर गप्प. टीचरना उद्या एकटीच जाऊन भेटते. दुधात खारीक सुरू केलीय, पिऊ दे बापडा.