मदत हवी आहे: लो-कार्ब सुरू केलंय, पण भाकरीचं काय करू?

नमस्कार मंडळी. वय ४६, गेल्या महिन्यात एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) ६.३ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, तीन महिने आहार सांभाळा, पिष्टमय कमी करा. एवढं सांगून पुढच्या पेशंटला हाक.

आमच्याकडे समज असा की पोळी सोडून ज्वारीची भाकरी धरली की झालं. मग वाचलं, ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठातही ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं (तेच ते पिष्टमय), जवळपास गव्हाइतकीच! म्हणजे ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत ३५. आणि चतुर्थीच्या साबुदाण्याला नाही म्हटलं तर सासूबाईंना काय सांगू, ते वेगळंच.

सध्या भात बंद, जेवणात एकच भाकरी, चहा बिनसाखरेचा. सकाळी मुगाचं धिरडं नाहीतर दोन अंडी (मासे-मटण घरात चालत नाही). चौथ्या दिवसापासून डोकं जड, दुपारी गळून गेल्यासारखं होतं. मीठ-पाणी कमी पडतंय का?

डब्यात मेथीची भाजी नुसती चमच्याने खाल्ली, तर तासाभरात परत भूक. पिठलं करावं तर बेसनातही कर्बोदकं आहेतच, पनीर रोज परवडत नाही. मग पोट कशाने भरायचं?

मिस्टरही सोबत करू म्हणतात, पण ते मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड ही साखर कमी करणारी गोळी घेतात. जेवणातलं पिष्टमय अचानक तोडलं तर त्या गोळीने साखर फार खाली जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांना विचारेपर्यंत त्यांना थांबवलंय.

छापील तक्ता नको. अंडी चालणाऱ्या शाकाहारी घरात ज्यांनी हे खरंच निभावलंय, त्यांनी आपलं दिवसभराचं ताट सांगा.