पुन्हा सुरू व्हावे असे जुने काही : आपापले अनुभव लिहावेत

गेल्या नोव्हेंबरात आमच्या शेजारच्या आजोबांना निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी मुद्रणालयात अक्षरांचे खिळे जुळवण्यात घालवली, त्यामुळे बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत आणि यंत्राला त्यांचा ठसा काही केल्या पटत नव्हता. तीन हेलपाटे झाल्यावर चौथ्या खेपेला मी सोबत गेलो, तेव्हा ते खिडकीपाशी एवढेच म्हणाले, "अहो, मी इथे उभा आहे ना!" खिडकीमागचा तरुण वाईट नव्हता, फक्त तो त्यांना ओळखत नव्हता, आणि ओळखीवर काही करण्याची मुभाही त्याला नव्हती.

त्या दिवसापासून मनात घोळत आहे की आपल्या गावागावांत आणि पेठांत माणसांच्या परस्पर ओळखीवर चालणाऱ्या किती तरी सोयी होत्या, आणि त्यांतल्या कोणत्या आज पुन्हा उभ्या करता येतील. म्हणून ही विनंती. केवळ "ते दिवस गेले" असे न लिहिता ती सोय प्रत्यक्षात कशी चालत असे, खर्च आणि कष्ट कोण उचलत असे आणि तिच्या बाहेर कोणाला ठेवले जात असे, हेही मोकळेपणाने लिहावे. शेवटचा प्रश्न टाळू नये, कारण ओळखीचा उपयोग जसा आधार देण्यासाठी झाला, तसा माणसाला दारातच थांबवण्यासाठीही झाला.

कोकणातील एका पोस्टमनची मुलगी

माझे वडील सावंतवाडीकडच्या खेड्यांत टपाल वाटत. आपल्याकडे मनीऑर्डरची सोय १८८० साली सुरू झाली, आणि मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तोवर आमच्या भागातील निम्म्या चुली तिच्यावर पेटत असत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. फॉर्मच्या खालच्या बाजूला निरोप लिहिण्यासाठी थोडी जागा असे. पैसे मोजून दिल्यावर वडील तो निरोप वाचून दाखवत आणि पुष्कळदा एकदा वाचून भागत नसे. एक म्हाताऱ्या काकी पैसे न मोजताच पदराला बांधत आणि "काय लिवलानीत, ता परत वाच" म्हणून ओटीवर बसून राहत. निरोप मात्र दर महिन्याला जवळजवळ तोच असे : प्रकृती ठीक, गणपतीला येतो.

तार आली तर वडिलांची रीत वेगळी होती. वाईट बातमी असेल तर ते थेट त्या घरी जात नसत, आधी शेजारच्या बाईला सोबत घेत आणि मगच अंगणात पाऊल टाकत. असा कोणताही नियम टपाल खात्याने केलेला नव्हता. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, त्याचे मला दुःख नाही, कारण फोन तिच्यापेक्षा लवकर पोहोचतो. पण बातमी देण्याआधी शेजारणीला बोलावणारा माणूस फोनबरोबर येत नाही.

मला वाटते ते असे. ग्रामीण डाकसेवक आजही वाड्यावाड्यांतून फिरतो आणि कोकणात कित्येक घरांत एकटी वृद्ध माणसेच उरली आहेत. अशा घरी पत्र असो वा नसो, आठवड्यातून दोनदा हाक मारून विचारपूस करणे हे त्याच्या कामाचाच भाग ठरवावे आणि त्याचा स्वतंत्र मोबदला त्याला द्यावा. माझ्या वडिलांनी ते फुकट केले. त्यांच्यासारखे सर्वांनी करावे, अशी अपेक्षा मी ठेवणार नाही.

एक कांदा उत्पादक, नाशिक जिल्हा

आमच्याकडे सावड होती. आज तुमच्या शेतात सगळ्यांनी राबायचे, उद्या माझ्या शेतात, मजुरीचा पैसा मध्ये येत नसे. इर्जिकीची तऱ्हा थोडी निराळी होती. एखाद्याची नांगरट मागे पडली की गावातले आठ-दहा नांगर एकाच दिवशी त्याच्या रानात उतरत आणि त्याने संध्याकाळी सर्वांना जेवण द्यावे, एवढीच अट असे.

माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हते, पण सावडीचा हिशेब तिच्याकडे असे. चुलीमागच्या भिंतीवर प्रत्येक घरासाठी एक जागा ठरलेली होती, तेथे ती कोळशाने उभ्या रेघा ओढी आणि सावड फिटली की ओल्या फडक्याने तेवढीच रेघ पुसून टाकी. दिवाळीआधी भिंत सारवायची वेळ आली की पाच-सहा घरच्या बायका येऊन आपापल्या रेघा पाहून जात. त्या हिशेबावरून भांडण झालेले मला आठवत नाही, कारण भिंत सर्वांना दिसत होती.

नांगरटीसाठी आता ट्रॅक्टर आहे, त्यामुळे इर्जीक जशीच्या तशी परत आणण्यात अर्थ नाही. कांद्याची लागण मात्र अजूनही वाकून, हातानेच करावी लागते आणि ऐन हंगामात मजूर मिळत नाहीत. म्हणून आमच्या वस्तीवरील सात घरांनी तीन वर्षांपूर्वी सावड पुन्हा बांधली. हिशेब आता वहीत असतो, आणि ती वही देवळाच्या ओवरीत उघडीच ठेवतो.

विचारलेल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तरही देतो. सावड ज्यांच्याकडे रान होते त्यांचीच होती. ज्याला स्वतःचे शेत नाही, त्याची सावड फेडायची कोठे? तो मजूरच राहिला. आमच्या सात घरांत एक घर भूमिहीन आहे, आणि त्यांची सावड आम्ही घराची डागडुजी, विहिरीचा गाळ उपसणे अशा कामांतून फेडतो. हे ठरवायला आम्हाला दोन बैठका घ्याव्या लागल्या.

धुळे जिल्ह्यातून

पांझरेच्या काठची फड पद्धत येथे नोंदवली पाहिजे. नदीवर बंधारा, त्यातून काढलेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठमोठे फड. एका फडात त्या वर्षी सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि दरवर्षी फडांची पिके बदलायची. पाणी सोडणारा पाटकरी शेतकऱ्यांनीच नेमलेला असे, त्यामुळे माझे पाणी आधी, तुझे नंतर, असा प्रश्नच उद्भवत नसे. ही व्यवस्था तीनशेहून अधिक वर्षे चालत आली. आज धरणाचे आवर्तन सुटले की रात्री बॅटरी घेऊन आपल्या वाट्याच्या पाण्यावर पहारा करणाऱ्या माझ्या भावाला पाहिले की वाटते, पाण्याचे व्यवस्थापन आम्ही जाणत होतो, आणि ते आमच्या हातून निसटले. एकच पीक घेण्याचे बंधन आजचे शेतकरी मानणार नाहीत, हे मान्य आहे. परंतु आपला पाटकरी आपण नेमावा, त्याचा पगार आपण द्यावा आणि त्याचा शब्द सर्वांनी पाळावा, एवढे तरी पाणीवापर संस्थांना करता येईल.

एक शिक्षक, मराठवाडा

पाणपोईविषयी अनेक जण भरभरून बोलतात, म्हणून मी थोडे निराळे लिहितो. माझ्या आजोबांनी पाणपोईवर पाणी प्यायले ते ओंजळ धरून, वरून सोडलेल्या धारेखाली, आणि तेही भांडे कोठे लागणार नाही एवढे अंतर राखून. महात्मा फुले यांनी आपल्या घरचा हौद १८६८ साली अस्पृश्यांना खुला केला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले. पुण्य म्हणून घातलेली पाणपोई आणि हक्क म्हणून मिळालेले पाणी यांत केवढे अंतर आहे, ते आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे.

आणि तरीही पाणपोई पुन्हा सुरू व्हावी, असे मला मनापासून वाटते. किंबहुना गेल्या चार उन्हाळ्यांत मी ती स्वतः चालवतो आहे. गुढीपाडव्याला घरासमोरच्या लिंबाखाली वाळू पसरून तीन रांजण मांडतो आणि त्यांना ओले गोणपाट गुंडाळतो. पहिल्या वर्षी मी आजोबांच्या आठवणीतले लांब दांड्याचे ओगराळे आणून ठेवले होते. एका दुपारी एक ऊसतोड कामगार बाई आली, तिने ते हातात न घेता सवयीने ओंजळ पुढे केली आणि मी वाढावे म्हणून वाट पाहत उभी राहिली. मला काही सुचेना. त्याच संध्याकाळी रांजणांना खाली नळाच्या तोट्या बसवून घेतल्या आणि शेजारी पेले ठेवले. आता जो येतो तो आपल्या हाताने घेतो.

कष्टांचेही सांगतो, कारण पाणपोया बंद पडतात त्या रांजण घासण्याच्या कंटाळ्यामुळे. तिसऱ्या दिवशी रांजण रिकामे करून आतून नीट घासले नाहीत तर बुंध्याला शेवाळ धरते, आणि मग लोक वीस रुपयांची बाटली घेतात ते योग्यच करतात. रांजणांची पाळी आमच्या गल्लीतील पाच घरांत वाटून दिली आहे. जून उजाडेपर्यंत त्यांतली तीन टिकतात.

एका गावातील ग्रंथपाल

थोडेच लिहितो. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासून आणि नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे, आणि १९६७ च्या कायद्यानंतर गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग व अनुदान मिळू लागले. आमचे वाचनालय त्यांतील शेवटच्या वर्गातले आहे. वर्तमानपत्रांसाठी पूर्वी येथे उतरते लाकडी मेज होते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून माणसे वाचत, वाद घालत. मागील वर्षी माळ्यावरून ते मेज काढून पुन्हा लावले. सकाळी आठला आता सहा-सात जण येतात, त्यांत एक गवंडी आहे, तो अग्रलेख मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात. शांतता राखावी, ही पाटी मी त्या कोपऱ्यातून काढून टाकली आहे.

सोलापूर जिल्ह्यातून, आता पुण्यात स्थायिक

१ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला पहिली एसटी धावली, हे सर्वांना माहीत आहे. मला एसटीतून येणाऱ्या डब्याविषयी लिहायचे आहे. तालुक्याच्या गावी खोली घेऊन शिकत असताना माझा डबा रोज सकाळच्या गाडीने येई. आई फाट्यावर येऊन तो चालकाच्या हाती देई, आणि अशा वीस-पंचवीस डब्यांची रांग इंजिनाच्या झाकणावर व चालकाच्या पाठीमागे लागलेली असे. त्यासाठी कोणी पावती फाडली नाही. डब्याच्या पिशवीला आईने निळ्या लुगड्याचा काठ शिवला होता, तीच माझी खूण.

त्या डब्यात एकदा भाकरीखाली चिठ्ठी निघाली : वडिलांना ताप आहे, घाबरू नकोस, रविवारी ये. मी रविवारी निघालो तर चालकानेच विचारले, "वडील कसे आहेत रे आता?" आईने त्याला सांगितले होते आणि तो रोज फाट्यावर चौकशी करत होता. डबा नेणे त्याच्या कामात नव्हते, हे मला फार पुढे कळले.

आज माझी मुलगी परगावी शिकते आणि तिचे जेवण भ्रमणध्वनीवर मागवलेले येते. आणून देणारा मुलगा रोज वेगळा असतो. तिला मी सांगितले आहे की निदान त्याचे नाव विचारत जा आणि उन्हातून आला असेल तर पाणी दे. परवा तिने कळवले की त्यांच्यातला एक जण आमच्या बार्शीकडचाच निघाला.