अनुभव धागा: रील पाहून निघालात? चौकटीबाहेरचं इथे लिहा

दर शनिवारी पहाटे नवी मंडळी रीलमधली एक चौकट डोळ्यांत साठवून सह्याद्रीत उतरतात. ती चौकट कुठून, कोणत्या महिन्यात, कशी टिपली हे कळलं तर निम्मा मनस्ताप वाचतो. आपबीती नको. जागा, वेळ आणि नेमकं काय चुकतं, एवढंच लिहा.

कातळवाट:
नाशिकजवळच्या हरिहर गडाचा गाजलेला फोटो पहिल्या जिन्याच्या समोरून काढलेला असतो. लांबून झूम करून काढला की पायऱ्या एकमेकींवर रचल्यासारख्या दिसतात आणि जिना भिंतच वाटतो. चढ खडा आहेच, पण पायऱ्यांच्या कडांना बोटं रुतवायला खोबण्या आहेत. त्यांचा उपयोग हात मोकळे असतील तरच. उतरताना तोंड कातळाकडे ठेवा, शिडी उतरतो तसं. चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना जिना एकच, त्यामुळे वर एकजण सेल्फीला वळला की खालचे सगळे खोबणीला लटकून राहतात. रीलमधला गड दरवाज्यापाशी संपतो. खऱ्या गडावर त्यापुढे कातळात कोरलेली, वाकून जायची वाट आहे आणि मग पायऱ्यांचा दुसरा टप्पा. सगळा दम पहिल्या जिन्यावर घालवू नका. पायथ्याच्या निरगुडपाड्यातून सकाळी सातच्या आत चढायला लागलात तर गर्दी मागे राहते.

अंधारातला ट्रायपॉड:
काजव्यांच्या फोटोंनी सर्वांत जास्त फसगत होते. २०-३० सेकंदांचा एकेक, असे पन्नासेक फोटो एकावर एक चढवून ते झाड पेटवलेलं असतं. म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांचे काजवे एका चौकटीत! डोळ्यांना दिसतं ते वेगळं: झाड लुकलुकतं, विझतं, शेजारचं लुकलुकतं. माझ्या मते तेच जास्त देखणं. भंडारदरा, पुरुषवाडी परिसरात मेअखेरपासून पाऊस जोर धरेपर्यंत जा, पौर्णिमेच्या आसपासचे दिवस टाळा. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात, आणि मोबाईल एकदा उघडला की पुन्हा पहिल्यापासून. नर चमकून मादीला साद घालतो. फ्लॅश आणि गाडीच्या दिव्यांत ती साद बुडते. टॉर्चला लाल जिलेटीन लावा, झोत जमिनीकडे ठेवा. गवतात शिरू नका, तिथेही काजवे असतात.

जांभा:
साताऱ्याजवळच्या कास पठाराबद्दल थोडक्यात. गालिचा दिसतो कारण कॅमेरा घोट्याच्या उंचीवर असतो. गेंद, सीतेची आसवं ही फुलं वाकून पाहावी लागतात, उभ्याने नुसतं हिरवं-जांभळं धुकं दिसतं. जांभ्यावर मातीचा थर जेमतेम, त्यामुळे फोटोसाठी वाट सोडून फुलांत बसलं की ती जागा उघडी पडते. सप्टेंबर धरा, आधी ऑनलाइन बुकिंग करा, शनिवार-रविवार सोडा.

ओढाकाठ:
धबधब्याच्या रीलमध्ये वर डोंगरात किती पाऊस चालू आहे ते दिसत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज जड झाला, की बॅगा गोळा करत बसू नका. काठ धरा आणि उंचावर जा. प्रवाहाच्या मधल्या खडकावर तर मुळीच बसू नये, पाणी चढलं की परतीची वाट आधी बुडते. पावसाळ्यात जिल्हाधिकारी ठिकठिकाणी बंदी घालतात, निघायच्या आदल्या दिवशी तो आदेश पाहा. व्हिडिओची तारीख फसवी असते, जुने व्हिडिओ दरवर्षी नव्याने फिरतात. जुलैचा धबधबा पाहून डिसेंबरात गेलात तर ओला कातळसुद्धा नशिबी नसतो.

कातळवाट:
वरच्यात भर. सांदण दरीचं उलट आहे: रीलमधली कोरडी घळ पाहून लोक पावसाळ्यात दरीजवळच्या साम्रद गावी पोचतात. दोन्ही बाजूंना उभे कडे, पाणी आलं तर वर चढायला जागाच नाही. डिसेंबरनंतर जा. त्याआधी आतल्या डोहांत कमरेएवढं पाणी असू शकतं, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत बांधा.

घाटमाथा:
आणि नाणेघाटातला उलटा धबधबा पाहायला निघालेल्यांनो, पावसाबरोबर वाऱ्याचाही अंदाज बघा. कड्यावर आपटलेला वारा वर उसळतो म्हणून पाणी उलटं फिरतं. वारा पडला तर तोही चारचौघांसारखा सरळच पडतो.